कान पिळणारा कलम का सांगतो?

आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय पुण्यात फार वेळ टिकत नाही. वसंत व्याख्यानमालेतलं भाषण असो, नाही तर तळजाईवरून उतरल्यावरचा चहा. कुणीतरी संयुक्त राष्ट्रसंघाचं नाव काढतं आणि दुसरं कुणीतरी ‘बळी तो कान पिळी’ म्हणून विषय मिटवून टाकतं. बाकीचे माना डोलावतात. इराक झालं, युक्रेन झालं, गाझा तर रोज फोनवर बघत बघत झालं. कुणी कुणाचं काय वाकडं केलं?

या म्हणीशी माझं भांडण नाही. ती खरीच आहे. मला कोडं पडतं ते पुढचं: कान पिळणारा पिळता पिळता कलम का सांगतो?

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे युक्रेनवर फौजा घालताना पुतिन यांनी भाषण केलं, त्यात राष्ट्रसंघाच्या सनदेतलं स्वसंरक्षणाचं कलम ५१ होतं. २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन इराकमध्ये शिरले. सुरक्षा परिषदेकडून नवा ठराव मिळेना, तेव्हा त्यांनी १९९० पासूनचे जुने ठराव उकरून काढले आणि परवानगी त्यांतच आहे असं जगाला सांगितलं. ज्याच्याकडे रणगाडे आहेत त्याला ही वकिली कशाला हवी? सोसायटीतला थकबाकीदार आठवतो. वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरणार नाही, पण वार्षिक सभेत उपविधींची पुस्तिका सगळ्यांच्या आधी त्याच्याच हातात.

हा प्रश्न समजून घ्यायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. जुन्या मुंबई रस्त्याने तळेगाव मागे टाकलं की वडगाव मावळ येतं. महादजी शिंद्यांचं स्मारक आहे, इष्टुर फाकड्याची, म्हणजे कॅप्टन स्ट्युअर्ट या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट सांगणारे लोक आहेत. आपण विजयाची गोष्ट ऐकतो आणि पुढे लोणावळ्याला चिक्की घ्यायला निघतो. विजयानंतर काय झालं हे कुणी विचारत नाही.

मागून सांगायला हवं. १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेला तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो रद्द केला. मुंबईला असा तह करायचा अधिकारच नाही, म्हणाले. मग कर्नल अप्टन वाटाघाटीला आला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. तो मुंबईला मानवला नाही. दादांना आश्रय चालूच राहिला, वर लंडनच्या डायरेक्टरांनी सुरतेच्याच तहाला पसंती कळवली. पुणे दरबारात सेंट लुबिन नावाच्या फ्रेंच माणसाचा पाहुणचार चालला होता, तेही निमित्त कंपनीने भरपूर उगाळलं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नाना फडणवीसही काही देवळातला पुजारी नव्हे.

१७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाट चढून आली. तळेगावला पोचली तो मुलूख जाळून ओसाड केलेला. दाणा नाही, वैरण नाही. माघार घेताना वडगावला कोंडी झाली आणि १६ जानेवारी १७७९ ला तहावर सह्या झाल्या. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यायचा, दादांना हवाली करायचं, बंगालकडून निघालेली फौज थांबवायची. फौज मुंबईला सुखरूप पोचली, आणि कंपनीने तह फेटाळला. कारण काय? सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता.

चार वर्षांत एकच कारण दोनदा. एकदा ते पुण्याच्या सोयीचं ठरलं, एकदा गैरसोयीचं. पण लक्षात घ्या, ‘आम्ही बलवान आहोत, तह पाळत नाही’ असं कंपनी कधीच म्हणाली नाही. तिला तसं म्हणता येत नव्हतं. वर लंडनचे डायरेक्टर, त्यांच्यावर पार्लमेंट, आणि इकडे हैदराबाद, म्हैसूर, नागपूर असे सगळे दरबार डोळे लावून बसलेले. यांच्याशी उद्या पुन्हा तहच करायचे होते. बळ एकट्याने वापरता येत नाही. कुणाची तरी वाट लागते, कुणाचं तरी बंदर लागतं, कुणीतरी गप्प बसावं लागतं. कलम सांगितलं जातं ते या सगळ्यांसाठी. ज्याचा कान पिळला जातोय त्याच्यासाठी ते कधीच नसतं.

तह मोडल्याची किंमतही कंपनीने मोजली. पुढच्याच वर्षी नानांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना एका बाजूला आणलं. ती आघाडी फार दिवस एकदिलाने चालली नाही, पण कंपनीला घाम फोडण्याइतकी चालली. १७८२ ला सालबाईचा तह झाला तो त्यानंतर. आता १८१८ ला काय झालं ते मला कुणी सांगू नये. ते माहीत आहे.

मला खरी गंमत वाटते ती त्याच १७७९ सालच्या दुसऱ्या एका तहाची. इंग्रजांशी वाकडं असताना किनाऱ्यावर एखादा मित्र बरा, म्हणून पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला. दमणजवळच्या काही गावांचा वर्षाला बारा हजार रुपये महसूल त्यांना द्यायचं ठरलं. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावं नेमून दिली. नंतर पेशवाई बुडाली. देणारा धनीच राहिला नाही, तेव्हा महसूल खाणारे पोर्तुगीज त्या गावांचे राजे होऊन बसले आणि इंग्रजांनी त्याला हरकत घेतली नाही. तेच आजचं दादरा आणि नगर हवेली.

१९५४ मध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी ती ठाणी एकेक करून घेतली. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्यांत होते, हे पुण्यात अजून अभिमानाने सांगितलं जातं. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पोर्तुगालला तिथे फौज पाठवायची होती, पण दमण आणि ही गावं यांच्यामध्ये भारताची जमीन, आणि भारत वाट देईना. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि २२ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर खटला भरला. आठवडाभरात! सालाझारची हुकूमशाही, आफ्रिकेत वसाहती, चार महिन्यांपूर्वी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घालून वीसहून अधिक माणसं मारलेली. हे लोक न्यायासाठी हेगच्या न्यायालयाच्या, पीस पॅलेसच्या पायऱ्या चढले. कायद्याचं दार असं असतं. ते आत येणाऱ्याचं चारित्र्य विचारत नाही.

पोर्तुगालचं म्हणणं असं की पुण्याच्या तहाने आम्हाला सार्वभौमत्व मिळालं. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी लढवली. आणि मग हेगमध्ये जगभरचे न्यायमूर्ती सवाई माधवरावांच्या काळचा तह आणि त्या सनदा वाचत बसले. १२ एप्रिल १९६० ला निकाल आला. न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा सरंजाम, मुलूख नव्हे. इंग्रजी अमदानीत पडलेल्या प्रथेमुळे पोर्तुगालच्या नागरिकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट होती. सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि शस्त्रांना नव्हती. हा शेवटचा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी सुटला. एका मताने. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं.

मला हा निकाल फार आवडतो. पुण्याच्या दप्तरातला कुणी कारकून बोरूने ‘इतका ऐवज’ लिहून गेला, आणि पावणेदोनशे वर्षांनी, ते राज्यही नसताना, त्या लिहिण्यातून एका युरोपीय सत्तेचा दावा पातळ झाला. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. निकाल लागेपर्यंत दिल्लीने ती गावं विलीन करून घेतली नाहीत. सात वर्षं तिथे लोकांच्या पंचायतीचा कारभार चालला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरण करायचं झालं, तेव्हा करारावर सही करायला त्या प्रदेशाचा कुणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बडलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचा पंतप्रधान केलं गेलं. हसू येतं, पण मला त्यात एक अदब दिसते. कागद पुरा झाला पाहिजे, हा हट्ट.

चार महिन्यांनी हा हट्ट सुटला.

गोव्याबद्दल पुण्यात तटस्थपणे लिहिणं अवघड आहे. गोवा विमोचन सहायक समिती इथली. सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांची सत्याग्रही तुकडी इथून निघाली. नानासाहेबांना पोर्तुगीजांनी दहा वर्षांची सजा दिली होती. चौदा वर्षं विनवण्या करून पोर्तुगाल हलत नव्हता. १९६१ च्या १८ डिसेंबरला भारतीय सैन्य आत गेलं आणि दोन दिवसांत गोवा आपला झाला. १८ तारखेलाच सुरक्षा परिषदेत युद्धबंदी करा, फौजा मागे घ्या असा ठराव आला. त्याला सात मतं पडली. सोव्हिएत युनियनच्या व्हेटोने तो पडला. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, वसाहती संपल्या पाहिजेत ही आमची श्रद्धा आहे. अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन गंभीर चेहऱ्याने म्हणाले की राष्ट्रसंघाच्या मरणात संपू शकेल अशा नाटकाचा हा पहिला अंक आहे. हेच स्टीव्हन्सन आठ महिन्यांपूर्वी, क्युबावर अमेरिकेनेच घडवलेली बे ऑफ पिग्जची स्वारी चालू असताना, अमेरिकेचा तिच्याशी संबंध नाही असं त्याच राष्ट्रसंघात सांगत होते.

गोवा घेतला ते योग्यच झालं असं मला वाटतं, आजही. पोर्तुगालला गोव्यात राहायचा हक्क होता असं मानणं मला जमणार नाही. पण त्या रात्री आपल्याला वाचवलं ते एका बड्या राष्ट्राच्या व्हेटोने. आणि ‘ती आमचीच माणसं, आमचीच भूमी, आपल्याच घरात कसलं आक्रमण’ हा आपला युक्तिवाद पुढे बऱ्याच जणांनी उचलला. त्यांतले काही आपल्याला मुळीच पसंत नव्हते. २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने परिषदेच्या अध्यक्षपदावर बसूनच स्वतःविरुद्धचा ठराव व्हेटोने मारला, तेव्हा आपण तटस्थ होतो. आमसभेत १४१ देश एका बाजूला गेले तेव्हाही तटस्थ. त्याच मार्चमध्ये हेगच्या न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई थांबवायचा आदेश दिला, तेरा विरुद्ध दोन. त्या तेरांत न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. दिल्लीचं मत एक, दिल्लीतून गेलेल्या न्यायाधीशाचं मत दुसरं. न्यायालय म्हणून काही शिल्लक आहे ते इथे दिसतं.

बलवान राष्ट्र कायदा उघड झुगारतं तेव्हा काय होतं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण निकाराग्वाचं आहे. अमेरिकेने १९८४ मध्ये त्या चिमुकल्या देशाच्या बंदरांत सुरुंग पेरले, बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं दिली. निकाराग्वा हेगला गेला. आपल्याला हा खटला चालवायचा अधिकार आहे असं न्यायालयाने ठरवताच अमेरिका खटल्यातून निघून गेली. २७ जून १९८६ ला निकाल लागला तेव्हा अध्यक्षस्थानी डुंगरपूरचे नागेंद्र सिंह होते. अमेरिका दोषी ठरली, भरपाई द्या असं तिला सांगितलं गेलं. निकाराग्वाने सुरक्षा परिषदेत अंमलबजावणी मागितली, अमेरिकेने व्हेटो वापरला. १९९१ मध्ये निकाराग्वातल्या नव्या सरकारने दावाच मागे घेतला. एक डॉलर मिळाला नाही.

इथे ‘बळी तो कान पिळी’ म्हणून उठता येतं. पण थोडं थांबलं की याहून कडवट गोष्ट दिसते. निकाराग्वाच्या निकालात बळाच्या वापराबद्दल जे लिहिलं गेलं, ते वाया गेलं नाही. २००५ मध्ये काँगोने युगांडाविरुद्धचा खटला जिंकला, त्यात हेच तत्त्व वापरलं गेलं. २०२२ मध्ये भरपाई ठरली, ३२.५ कोटी डॉलर. युगांडाने पहिला हप्ता भरलासुद्धा. म्हणजे कायदा घडला तो अमेरिकेच्या गुन्ह्यावर, आणि वसुली झाली ती युगांडाकडून. कायदा मेलेला आहे असं म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे जास्त अस्वस्थ करतं. तो जिवंत आहे, चालतो, पैसेही वसूल करतो. फक्त काही दारांवरची बेल तो वाजवत नाही.

आपण कोणत्या दारामागे आहोत हे दरवेळी सारखं नसतं. २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीचा लवादाने निवाडा केला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले, आणि आपण मुकाट्याने मानलं. २०१६ मध्ये दक्षिण चिनी समुद्राबद्दलचा निवाडा फिलिपिन्सच्या बाजूने लागला तेव्हा चीनने तो शून्यवत असल्याचं जाहीर केलं. आपण तेव्हा सगळ्या पक्षांना सागरी कायद्याचा आदर करायचा सल्ला दिला, बांगलादेशचं उदाहरण आपल्या खिशात होतंच. २०२५ च्या जूनमध्ये सिंधू पाणीवाटपावरच्या हेगमधल्या लवादाचा निर्णय आला तेव्हा आपलं परराष्ट्र खातं म्हणालं, हा लवाद आम्ही कधी मान्यच केलेला नाही. पहलगामनंतर लोकांच्या मनात काय होतं ते मला समजतं, माझ्याही मनात तेच होतं. पण कुलभूषण जाधव यांच्यासाठी २०१९ मध्ये हेगमधून पंधरा विरुद्ध एक असा निकाल आला तेव्हा आपण त्याच इमारतीकडे बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि ऊस. ऊस तर आपल्या अगदी अंगणातला.

शिवाजीनगरच्या साखर संकुलावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिथला रोजचा विषय, एफआरपी, जिनिव्हात गेलेला आहे? केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवतं, कारखान्यांनी चौदा दिवसांत तो द्यायचा. थकला की शेतकरी संघटना संकुलाच्या दारात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की हा दर म्हणजे मर्यादेबाहेरचा आधार आहे. आपण म्हटलं, पैसे सरकार देत नाही, कारखाने देतात. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या पॅनेलने निकाल दिला: २०१४-१५ पासूनच्या पाचही हंगामांत भारताने दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली. निर्यातीची मदतही १२० दिवसांत मागे घ्या, असं सांगितलं. आपण लगेच अपील केलं.

हे अपील ज्या मंडळापुढे चालायचं, ते बंद आहे. सात सदस्यांचं मंडळ, सुनावणीला किमान तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये दोघांची मुदत संपली, एकच उरला. संपलेल्या दोघांत भारताचे उजाल सिंग भाटिया होते. डेमोक्रॅट आले, रिपब्लिकन आले, नेमणुका झाल्या नाहीत. आता तिथे अपील करणं म्हणजे निकाल अनिश्चित काळ लटकवणं, हे सगळ्या देशांना माहीत आहे. भारत अपील मंडळ पुन्हा सुरू करा अशी मागणी प्रत्येक परिषदेत करतो. मधल्या काळासाठी काही देशांनी पर्यायी लवाद उभा केला, त्यात युरोप आहे, चीन आहे, ब्राझील आहे. आपण नाही.

माझे मावसभाऊ इंदापूरकडे असतात. दिवाळीत आले होते, तेव्हा त्यांना हे सगळं सांगायचा मला मोह झाला.

“म्हणजे आपण हरलो?” अण्णांनी विचारलं.

“हरलो. पण अपील टाकलंय.”

“ते कधी लागायचं?”

“लागणार नाही अण्णा. ते कोर्टच बंद आहे.”

“मग झाक झालं की!” ते हसले. “अशी अपिलं आमच्या तालुक्यातबी लई हायेत.”

मी म्हटलं, अहो, पण आपलंच सरकार ते कोर्ट चालू करा म्हणून मागे लागलंय. त्यांनी पान जुळवता जुळवता माझ्याकडे बघितलं. “कशापायी?”

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये आपणच अमेरिकेविरुद्ध खटला जिंकलो होतो. तिथली काही राज्यं सौर आणि इतर अपारंपरिक ऊर्जेच्या सामानात स्थानिक मालाला सवलती देत होती, त्या नियमांत बसत नव्हत्या. अमेरिकेने अपील केलं आणि ते तसंच अडकलं. जिंकूनही हातात काही नाही. शेवटी २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी आपसात बसून बाकीच्या खटल्यांबरोबर तोही मिटवला. कोर्ट चालू असतं तर आपल्याला ते मिटवताना जास्त काही मागता आलं असतं.

अण्णांनी हिशेब केला. “म्हणजे त्यांनीबी आपल्यागत अपील टाकून ठेवलं.”

“हो.”

“आधी कुणी टाकलं?”

“त्यांनी.”

“मग बरोबर हाय,” असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं आणि यंदा तोडणीची टोळी उचल घेऊन पळाली ती कशी, हे सविस्तर सांगायला घेतलं.